बोस्निया: युद्ध कोणी थांबवलं, निर्वासितांना कोणी राखलं?

नदीकाठ (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर "संयुक्त राष्ट्रसंघ हवाय कशाला" यावरून बरीच खडाजंगी झाली. दोन्ही बाजूंनी दाखला बोस्नियाचाच दिला. एकाने स्रेब्रेनित्सातल्या हत्याकांडाचा, दुसऱ्याने युद्ध थांबवणाऱ्या डेटन कराराचा. दोन्ही घटना एकाच युद्धातल्या, एकाच वर्षातल्या, मधे जेमतेम चार महिने. या विषयावर मी बरीच वर्षं वाचतेय आणि त्याबद्दल मला मनापासून काही सांगायचंय, म्हणून हा वेगळा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. युगोस्लाव्हिया फुटू लागला तेव्हा बोस्नियात साधारण ४४ लाख लोक राहत होते. मुस्लिम (आज बोस्नियाक म्हणतात) ४४ टक्क्यांच्या आसपास, सर्ब ३१, क्रोएट १७. शहरांत एकाच जिन्यावर तिघांची दारं असायची. १९९२ च्या मार्चमध्ये स्वातंत्र्याचं सार्वमत पार पडलं, बहुतेक सर्बांनी त्यावर बहिष्कार टाकला, एप्रिलमध्ये युरोपने मान्यता दिली आणि त्याच दिवसांत राजधानी सारायेव्होला सर्ब सैन्याचा वेढा पडला. तो उठायला १९९६ चा फेब्रुवारी उजाडला. सुमारे १ लाख माणसं मेली आणि २२ लाखांच्या आसपास, म्हणजे निम्मा देश, घरातून बाहेर पडला.

लढाईच्या धुमश्चक्रीत माणसं पळाली, असं आपण सहज म्हणून जातो. पण हे युद्ध माणसं हुसकावण्यासाठीच चाललं होतं. गाव ताब्यात घ्यायचं, पुरुष छावणीत डांबायचे, बायकांवर अत्याचार करायचे, मशीद पाडायची, घरं जाळायची. पुन्हा कुणी परतायला धजावू नये, एवढाच हेतू. एकदा हे लक्षात आलं की निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांची अडचण कळते. लोकांना जागच्या जागी अन्न पोचवलं तर सैन्य ट्रक अडवतं, कारण ते टिकून राहायला नको आहेत. आणि लोकांना ट्रकमध्ये घालून सुरक्षित बाहेर काढलं, तर हुसकावणाऱ्यांचं काम आपणच केल्यासारखं होतं.

१९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये स्रेब्रेनित्सात नेमकं हेच घडलं. आसपासच्या गावांतून हाकललेली हजारो माणसं त्या लहानशा खाणगावात कोंबली गेली होती, थंडीत रस्त्यावर झोपत होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे ट्रक पीठ घेऊन आत आले आणि परत निघताना बायकामुलांनी त्यांत उड्या घेतल्या. ट्रकमधल्या रेटारेटीत काही जण, त्यांत लहान मुलंही, चिरडून मेले. आणि बोस्नियाच्या सरकारने तक्रार केली ती काय, तर तुम्ही गाव रिकामं करताय. सरकारचंही खोटं नव्हतं.

सादाको ओगाता तेव्हा उच्चायुक्त होत्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये दोन्ही बाजूंनी मदतीचं राजकारण चालवलेलं पाहून त्यांनी बोस्नियाच्या मोठ्या भागातलं काम थांबवून दाखवलं. काही दिवसांतच सरचिटणीस बुट्रोस-घाली यांनी तो निर्णय फिरवला. मानवतावादी प्रश्नांना मानवतावादी उत्तरं नसतात, असं ओगाता वारंवार सांगत. याच बाईंच्या देखरेखीखाली सारायेव्होचा हवाई पुरवठा जुलै १९९२ पासून जानेवारी १९९६ पर्यंत चालला, बर्लिनच्या हवाई पुरवठ्यापेक्षाही जास्त काळ. अन्न पोचवणाऱ्यांनीच "नुसतं अन्न पुरणार नाही" म्हणून सांगितलं आणि ते कुणी ऐकलं नाही, याचा मला आजही राग येतो.

ऐकलं असतं तर काय करता आलं असतं, ते सुरक्षित क्षेत्रांच्या आकड्यांत दिसतं. स्रेब्रेनित्सा, सारायेव्हो, तुझ्ला, झेपा, गोराझ्दे आणि बिहाच ही सहा ठिकाणं सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये सुरक्षित क्षेत्रं जाहीर केली. ती राखायला ३४,००० सैनिक लागतील असं सेनाधिकाऱ्यांनी सांगितलं. परिषदेने ७,६०० वर भागवलं. तेवढेसुद्धा वेळेवर आले नाहीत.

आपल्या देशाचाही एक दुवा यात आहे, तोही सांगते. बोस्निया-क्रोएशियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या त्या सेनेचे पहिले सेनापती भारतीय होते. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. मार्च १९९२ ते मार्च १९९३. मुदतवाढ देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. मला प्रश्न पडतो तो असा: युद्ध कशाने थांबलं आणि माणसं कशाने परतली, ही दोन उत्तरं वेगवेगळी आहेत का? मला वाटतं आहेत.

घाटमाथा

उत्तम लेख. जनरल नंबियारांचं ठाऊक नव्हतं. एक शंका. एवढी सेना तिथे होती तर तिने लढायचं का नाही? दूरदर्शनवर तेव्हा पांढऱ्या गाड्या आणि निळी शिरस्त्राणं दिसायची, आणि शेजारीच घरं जळत असायची. शाळेत होतो, पण ते चित्र डोक्यातून गेलेलं नाही.

छावणी_रस्ता

@घाटमाथा, मी पायदळातून निवृत्त झालो. बोस्नियात नव्हतो, पण आफ्रिकेत शांतिसेनेत काम केलं आहे, त्यावरून सांगतो.

शांतिसेना पाठवायची ती दोन्ही पक्षांनी शस्त्रं खाली ठेवल्यावर. मधे उभं राहायचं, मोजदाद करायची, कुणी करार मोडला तर वर कळवायचं. फेब्रुवारी १९९२ च्या ठरावाने ही सेना मुळात क्रोएशियातल्या युद्धबंदीसाठी उभी केली होती. मुख्यालय सारायेव्होत ठेवलं, कारण तिथे शांतता होती! दोन महिन्यांत त्याच शहरावर तोफा लागल्या आणि मुख्यालय तिथून हलवावं लागलं. पुढे काम वाढत गेलं, शस्त्रं मात्र तीच.

आता जमिनीवरची गोष्ट. तुमची तुकडी डोंगरातल्या एका खेड्यात, पन्नास ठिकाणी विखुरलेली. डिझेल, ताजं अन्न, रजेवरून परतणारी माणसं, सगळं त्याच सैन्याच्या नाक्यावरून येणार ज्याच्यापासून तुम्ही गावाचं रक्षण करताय. त्याने नाका बंद केला की तुमची चिलखती गाडी आठवड्याभरात उभी. स्रेब्रेनित्सातल्या डच तुकडीचं शेवटी हेच झालं. डिझेल नाही म्हणून गस्त पायी.

मग विमानं का नाही आली? तर दोन किल्ल्यांची व्यवस्था होती. हल्ल्याला संयुक्त राष्ट्रं आणि नाटो, दोघांची संमती लागायची. मे १९९५ मध्ये नाटोने दारूगोळ्याच्या कोठारांवर हल्ला केला तेव्हा बोस्नियन सर्बांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले आणि काहींना साखळदंडाने संभाव्य लक्ष्यांना बांधून त्यांची चित्रं जगाला दाखवली. त्यानंतर किल्ली फिरवायची हिंमत वरच्या कुणात उरली नाही.

सैनिकाला दोष देणं सोपं आहे. मी तो पूर्ण माफही करत नाही. पण हुकूम कुणी दिला नाही आणि साधनं कुणी दिली नाहीत, ते आधी विचारा.

रानजाई

नदीकाठ, हा धागा काढल्याबद्दल आभार. मी स्टुटगार्टजवळ राहते. बोस्नियन निर्वासित सर्वांत जास्त आले ते जर्मनीत, साधारण साडेतीन लाख.

पण त्यांना इथे आश्रय म्हणजे नुसती सवलत होती. "युद्ध संपेपर्यंत राहा." माझ्या कामावरची एक सहकारी सात वर्षांची असताना आईबरोबर आली. तिच्या आईच्या कागदावर दर काही महिन्यांनी नवा शिक्का घ्यावा लागे. पहाटे परदेशी नागरिकांच्या कचेरीबाहेर रांग, आत गेल्यावर सहा महिने मिळणार की तीन, ते समोरचा कारकून सांगणार. नोकरीचा परवाना त्याच तारखेला बांधलेला. ती सांगते, शाळेत मुलं पुढच्या वर्षीच्या सहलीचं बोलायची तेव्हा ती गप्प बसायची.

डेटन झाल्यावर जर्मनीतल्या राज्यांनी लगेच परत पाठवायला सुरुवात केली. कुठे परत? त्यांचं गाव आता दुसऱ्यांच्या ताब्यात, घरात दुसरं कुटुंब. पुष्कळ जण म्हणून अमेरिकेला निघून गेले. हिची मावशी सेंट लुइसला आहे, तिथे बोस्नियन लोकांची मोठी वस्तीच झाली आहे.

मला हे सांगायचं होतं कारण "युरोपने आश्रय दिला" हे अर्धंच खरं आहे. दार उघडलं हे मोठं काम होतं, मी ते कमी लेखत नाही. पण जीव वाचला तरी आयुष्य सुरू करता येत नाही, ही अवस्था काय असते ते मी तिच्याकडे पाहून शिकले.

सरळरेघ

लेख चांगला आहे पण एकांगी वाटला. सर्ब निर्वासितांचं काय? ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाने आपल्याच हद्दीतल्या, सर्बांच्या ताब्यातल्या क्राइनावर हल्ला केला आणि दीड-दोन लाख सर्ब ट्रॅक्टर-गाड्यांत सामान भरून चार दिवसांत देशोधडीला लागले. त्यासाठी कुणाची विमानं उडाली? अमेरिकेने तर डोळेझाकच केली. आणि त्याच रेट्याने बोस्नियातले सर्ब मागे हटले, मग वाटाघाटी झाल्या. म्हणजे एका वांशिक हकालपट्टीवर शांतता उभी आहे. हे लिहायला हवं होतं.

नदीकाठ

@सरळरेघ, लिहायला हवंच होतं, आणि तुम्ही ते नेमकं लिहिलंत. क्राइनातले म्हातारेकोतारे मागे राहिले, त्यांतले कित्येक नंतर मारले गेले. त्या माणसांना जगाने जवळजवळ विसरूनच टाकलं. क्रोएट आणि बोस्नियाक यांच्यातही १९९३ मध्ये भीषण युद्ध झालं, मोस्तारचा जुना पूल त्यातच पडला. अत्याचार सगळ्या बाजूंनी झाले.

एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. सगळ्या बाजूंनी झाले म्हणून सारखेच झाले, असं नाही. स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने काही दिवसांत ८,००० हून अधिक पुरुष आणि मुलगे ठार मारले. नियोजन करून, बसगाड्या मागवून, नंतर प्रेतं यंत्रांनी उकरून दुसरीकडे पुरून. एकाच माणसाची हाडं दोन-तीन खड्ड्यांतून सापडली आहेत, ती जुळवायला रक्ताच्या नातेवाइकांचे डीएनए नमुने घ्यावे लागले. सुमारे ७,००० जणांची ओळख अशी पटली. हा नरसंहार होता, हे हेगच्या दोन न्यायालयांनी ठरवलंय.

स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीबद्दल थोडं सांगते. गाव पडल्यावर वीस-पंचवीस हजार माणसं डच तुकडीच्या तळाकडे धावली. तळ एका जुन्या बॅटरी कारखान्यात होता. पाचेक हजारांना आत घेतलं आणि फाटक बंद केलं. बाहेर दोन दिवस जुलैच्या उन्हात बाकीचे. मग बसगाड्या आल्या. बसपर्यंत जाणाऱ्या वाटेवर सैनिक उभे, बायका-मुलं पुढे, पुरुष बाजूला. ओळखपत्रं आणि पिशव्या एका ढिगात टाकायला सांगितल्या. ओळखपत्र काढून घेतल्यावर पुढे काय होणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं असेल. १३ तारखेला तळाच्या आतल्यांनाही बाहेर जायला सांगितलं, त्यांत साडेतीनशेच्या आसपास पुरुष होते.

पायरीउतार

त्या साडेतीनशेंबद्दल कायद्याच्या बाजूने. डच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांच्या मृत्यूला डच सरकार दहा टक्के जबाबदार धरलं. ते तळावरच राहिले असते तर वाचण्याची शक्यता तेवढीच होती, असा न्यायालयाचा हिशेब. कुटुंबांना तो फार लागला, आणि मला त्यांचं पटतं. तरीही शांतिसेनेतल्या सैनिकांच्या कृतीसाठी त्यांच्या देशाला घरच्या न्यायालयात जबाबदार धरणं ही लहान गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांवर मात्र खटला चालूच शकला नाही, त्यांना कायदेशीर संरक्षण आहे. २००२ मध्ये या प्रकरणावरचा अहवाल आल्यावर डच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता, तेही नोंदवतो.

आणि हेगचं युगोस्लाव्हिया न्यायाधिकरण. १९९३ मध्ये, युद्ध चालू असतानाच स्थापलं. त्यामुळे लढाई थांबली नाही, हे उघड आहे. पण १६१ जणांवर आरोप ठेवले आणि त्यांतला एकही शेवटी फरार राहिला नाही. बोस्नियन सर्बांचा नेता कराजिच २००८ मध्ये सापडला, त्यांचा सेनापती म्लादिच २०११ मध्ये, दोघांना अखेर जन्मठेप. आरोपी ठरल्यामुळे कराजिचला डेटनला जाता आलं नाही, हाही फायदा मी मोठा मानतो.

वैशाखी

शस्त्रबंदीचा उल्लेख राहिला. सुरक्षा परिषदेच्या सप्टेंबर १९९१ च्या ठरावाने सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. जुन्या सैन्याची रणगाडे-तोफखान्याची कोठारं सर्बांच्या हाती आयती पडली होती, बोस्नियाच्या सरकारकडे तेव्हा धड सैन्यही नव्हतं. म्हणजे रक्षण करायचं नाही आणि स्वतःचं रक्षणही करू द्यायचं नाही. मला यातलं सर्वांत अन्यायाचं हेच वाटतं.

घाटमाथा

+१ वैशाखी. मग शेवटी युद्ध थांबलं कसं? आणि धाग्यात म्हटलेला "माणसं परतली" हा भाग?

नदीकाठ

@घाटमाथा, थांबलं ते तीन गोष्टी एकत्र आल्यावर. क्रोएट-बोस्नियाक सैन्य एकत्र येऊन पुढे सरकलं, त्यासाठी अमेरिकेने मार्च १९९४ मध्ये दोघांचा समेट घडवला होता. २८ ऑगस्ट १९९५ ला सारायेव्होच्या मार्काले बाजारात तोफगोळा पडून ४३ जण मेले आणि दोन दिवसांनी नाटोने सुरू केलेले हवाई हल्ले तीन आठवडे चालले. आणि निर्बंधांनी टेकीला आलेल्या सर्बियाच्या अध्यक्ष मिलोशेविचने बोस्नियन सर्बांच्या वतीने सही करायची तयारी दाखवली. मग अमेरिकेचे दूत रिचर्ड होलब्रुक यांनी बोस्निया, क्रोएशिया आणि सर्बियाच्या तिन्ही अध्यक्षांना ओहायोतल्या डेटनच्या हवाई तळावर २१ दिवस बसवून ठेवलं. पॅरिसमध्ये १४ डिसेंबरला सह्या झाल्या आणि ६०,००० सैनिक आले, या वेळी रणगाड्यांसह.

परतण्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. कराराच्या सातव्या परिशिष्टात प्रत्येक निर्वासिताला त्याच्या मूळ घरी परतण्याचा हक्क दिला. कागदावर. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी सोडून दिलेल्या घरांचे कायदे करून ती घरं आपल्या माणसांना वाटून टाकली होती. ज्यांना वाटली तेही बहुतेक दुसरीकडून हुसकावलेलेच. एक घर रिकामं करायचं तर त्यातल्या कुटुंबाचं घर आधी रिकामं व्हायला हवं, त्यासाठी तिसरं. कुणीतरी एका टोकाने सुरुवात केल्याशिवाय गुंता सुटणार नव्हता.

ती झाली दोन-तीन गोष्टींनी. १९९८ मध्ये गाड्यांच्या नव्या पाट्या आल्या. आधी पाटीवरूनच गाडी कुणाच्या भागातली ते कळायचं, त्यामुळे सीमारेषा ओलांडायला लोक घाबरत. नव्या पाटीवर लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखीच दिसणारी अक्षरं तेवढी घेतली आणि गावाचा पत्ताच काढून टाकला. लोक आपलं जुनं घर निदान बघायला जाऊ लागले, आईवडिलांच्या थडग्यावर जाऊन येऊ लागले. १९९९ मध्ये उच्च प्रतिनिधीने (करार राबवायला नेमलेला आंतरराष्ट्रीय अधिकारी) देशाच्या दोन्ही भागांवर, म्हणजे बोस्नियाक-क्रोएट फेडरेशन आणि सर्बांचा भाग, एकसारखे मालमत्ता कायदे लादले. अर्ज कर, युद्धापूर्वी तिथे राहत होतास एवढं दाखव, का परत यायचंय ते कुणी विचारणार नाही. अडवणारे महापौर आणि अधिकारी पदावरून काढले. स्वतःचं घर असून दुसऱ्याचंही बळकावून बसलेल्या पोलीस आणि पुढाऱ्यांना आधी बाहेर काढलं, म्हणजे बाकीच्यांना धाक बसला. दोन लाखांहून जास्त अर्ज आले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक निकाली निघाले. २००४ पर्यंत दहा लाख लोक परतल्याची नोंद झाली, त्यांतले निम्म्याच्या आसपास आता जिथे ते अल्पसंख्य आहेत अशा भागात.

हे जगात क्वचित कुठे झालंय, आणि ते बाँबने झालेलं नाही. तालुक्याच्या कचेरीत बसून फायली तपासणाऱ्या माणसांनी केलंय.

सरळरेघ

माहिती नवीन होती, आभार. पण परतलेल्यांतले किती टिकले? माझ्या वाचनाप्रमाणे बऱ्याच जणांनी घर ताब्यात घेतलं आणि विकून टाकलं.

नदीकाठ

खरं आहे. नोकऱ्या मिळत नव्हत्या, शाळेत इतिहास दुसऱ्यांचा. काही ठिकाणी तर आजही एकाच इमारतीत बोस्नियाक आणि क्रोएट मुलांच्या शाळा वेगळ्या भरतात. राज्यघटना डेटनच्याच कराराचा भाग, तीत राष्ट्राध्यक्षपद बोस्नियाक, सर्ब, क्रोएट यांच्यात वाटलेलं. रोमा किंवा ज्यू माणूस उभाच राहू शकत नाही. २००९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हे चूक ठरवलं, पण घटना अजून बदललेली नाही. तरी घर विकायला मिळणं आणि घर गमावणं यांत फरक आहे. पैसा हाती आला, आपल्या इच्छेने आला, आणि लुटलेलं घर लुटणाऱ्याच्या नावावर झालं नाही.

घाटमाथा

शेवटचं विचारतो. सहा सुरक्षित क्षेत्रं म्हणालात. बाकीच्यांचं काय झालं?

छावणी_रस्ता

@घाटमाथा, याचं उत्तर मी देतो. स्रेब्रेनित्सानंतर दोन आठवड्यांत झेपाही पडलं. पुढचा नंबर गोराझ्देचा होता. तिथे ब्रिटिश सैनिक होते. २१ जुलै १९९५ ला लंडनमध्ये बैठक झाली आणि गोराझ्देवर हल्ला केलात तर मोठे हवाई हल्ले होतील असं बजावण्यात आलं. लगोलग संयुक्त राष्ट्रांच्या बाजूची किल्ली मुलकी अधिकाऱ्यांकडून काढून सेनापतीच्या हाती दिली. तेच सर्ब सैन्य, तसाच डोंगराळ वेढा, ठरावही तोच. गोराझ्देवर हल्ला झाला नाही. डेटनच्या नकाशात सारायेव्होपासून गोराझ्देपर्यंत एक चिंचोळी पट्टी फेडरेशनकडे ठेवली आहे.